‘वनविहार’ची वास्तुशांत

ज्याचं घर त्याच्याबरोबर चालतं, तो माणूस जगात कुठेही परका नसतो. हे वाक्य आमच्या ह्यांचं आहे. ते त्यांनी खंबाटकीच्या चढावर उच्चारलं. त्या वेळी आमचं घर रस्त्याच्या कडेला वाफा सोडत उभं होतं, हे एका डब्याने त्याच्या तोंडात पाणी ओतत होते, आणि सासूबाई आतून विचारत होत्या, “विनायका, मुंबई आली का रे?”

यंदा वैशाख लागला तसा आमच्या मुलुंडच्या गल्लीत वास्तुशांतींचा हंगाम सुरू झाला. नवीन इमारती उठताहेत, रोज कुणाच्या ना कुणाच्या दारावर तोरण चढतं, आणि हळदीचं बोट लावलेलं आमंत्रण आपल्या दाराखालून सरकतं. मी जाते. पेढा खाते. यजमान मला कोपरा न् कोपरा दाखवतात आणि शेवटी आवाज खाली आणून सांगतात, “दार पूर्वेला आहे बरं का.” मी मान डोलावते. माझे डोळे मात्र पश्चिमेची खिडकी शोधत असतात. काल एकांनी गच्चीवर पंगतीसाठी पत्रे घातले होते. तापलेल्या पत्र्याचा तो वास आला, आणि जिलबी पानात असताना मला अंधेरीचा तो वैशाख आठवला. जिलबी गोड लागेना.

आमचं संस्थान फार लहान होतं. इतकं लहान, की सरकार शिकारीला निघाले की संध्याकाळचा मुक्काम हद्दीबाहेर पडे. दुसऱ्याच्या मुलखात तंबू ठोकणं शोभत नाही म्हणून सरकारांनी एका लॉरीच्या सांगाड्यावर राहण्याजोगी मोटार बांधून घेतली होती. तिचं नाव ‘वनविहार’. दोन्ही अंगांना सोनेरी अक्षरांत तसं लिहिलेलं. मागच्या दारावर दोन सिंह एक तलवार धरून उभे. चित्रकाराने सिंह पाहिले नसावेत, कारण त्यांच्या चेहऱ्यावर मोत्या कुत्र्यासारखा समजूतदारपणा होता. आत सागवानी पलंग, निकेलचं घडीचं बेसिन, किरमिजी मखमलीचे पडदे, आणि भिंतीला बंदुका अडकवायच्या खाचा. हे मोटारखान्याचे मुख्य होते. विलीनीकरणानंतर दरबाराची मोडतोड झाली तेव्हा कुणी झुंबरं नेली, कुणी गालिचे नेले. ह्यांच्या सेवेची कदर म्हणून सरकारांनी ह्यांना ‘वनविहार’ दिली. सरकार स्वतः मोटारीपर्यंत चालत आले होते, हे आमच्या घरात पुढे अनेकदा सांगितलं गेलं. चालत न येऊन करतात काय? मोटार आता आमची होती.

मग ह्यांना अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. मुंबईत खोली मिळणं म्हणजे पागडी, ओळख, आणि पूर्वजन्मीचं पुण्य. आमच्याकडे तिन्ही बेताचं. “खोली कशाला हवी?” हे म्हणाले. “सरकार राहिले तिथे आपल्याला राहायला काय झालं?”

सरकार तिथे थंडीत, दोन रात्री राहत, आणि पंखा ओढायला माणूस असे. हे मी बोलून दाखवलं. ते ऐकू गेलं नाही, कारण इंजिन चालू होतं.

अंधेरीला मरोळच्या बाजूच्या एका गावठाणात आम्हाला जागा मिळाली. फिलूमावशी आणि बस्त्यावकाका या जोडप्याचं भाताचं खळं होतं ते. पिढ्यान्पिढ्या तिथेच शेती करणारी ख्रिस्ती माणसं. घरात मराठी, देवळात लॅटिन. दिवाळीनंतर झोडणी झाली की पुढच्या पिकापर्यंत खळं मोकळं. जमीन चोपून दगडासारखी झालेली, सपाट, आणि नावालाही सावली नाही. खळ्याच्या उत्तर टोकाला एक थोराड चिंच होती. फिलूमावशींनी पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून मोटार न्याहाळली.

“ही मोटार हाय का घर?”

“दोन्ही,” हे अभिमानाने म्हणाले.

“मग चिंचेखाली लावा. दोगांना बी सावली.”

सासूबाईंनी खिडकीतूनच मान हलवली. “चिंचेखाली भुतं असतात.”

“भूत बी सावलीतच बसतंय ना, आये! त्याला अक्कल हाय.”

सासूबाईंचं म्हणणं निराळंच होतं. गावची जागा सोडून परमुलखात बिऱ्हाड मांडायचं, तर आधी वास्तुशांत हवी, आणि वास्तूचं दार पूर्वेला हवं. ‘वनविहार’चं दार मागे होतं. म्हणजे मोटारीची पाठ पूर्वेला आणि तोंड पश्चिमेला. ह्यांनी होकायंत्र काढून, मागेपुढे करून, बरोब्बर पूर्व साधली. साऱ्या गावठाणाने तो सोहळा पाहिला. त्या तोंडाला मोठी थोरली काच होती, सरकारांना जनावर लांबून दिसावं म्हणून मुद्दाम मोठी केलेली. तिचा विचार कुणी केला नाही. पूर्वेला दार ठेवायचं ते उगवतीचा सूर्य घरात यावा म्हणून, हे शास्त्र आहे. मावळतीचा कुठून येतो, याची शास्त्रकारांनी चौकशी केलेली दिसत नाही. दुपारी ते झोपत असावेत.

अक्षय्य तृतीयेला पार्ल्याहून एक भटजी सायकलवर आले. त्यांनी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली, मग उलटी एक घातली, आणि दर्भ कानावर ठेवून विचारात पडले.

“हे वाहन म्हणावं, तर वाहनाची पूजा दसऱ्याला.”

“गुरुजी, आम्ही आत राहतो,” हे म्हणाले.

“चूल आत पेटते?”

“शेगडी पेटते.”

“मग वास्तू. चाकांचा उल्लेख ग्रंथांत नाही. म्हणजे निषेधही नाही.”

इतका व्यवहारी धर्मनिर्णय मी तोवर ऐकला नव्हता, आणि मला त्या माणसाबद्दल आदर वाटू लागला. तो थोडाच वेळ टिकला. वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. आमच्या आग्नेय कोपऱ्यात डावं मागचं चाक होतं. भटजींनी चाकालगत खळ्यात वीतभर खड्डा करवून प्रतिमा पुरली, वर माती लोटली, अक्षता टाकल्या, आणि सायकलवर टांग मारता मारता म्हणाले, “आता मात्र ही हलवायची नाही. प्रतिमा इथे आणि घर तिसरीकडे, म्हणजे तिने राखायचं कोणाला?”

अशा रीतीने चार चाकांचं घर कायमचं स्थावर झालं. ह्यांनी चाकांखाली अडणीचे दगड लावले. “तर मग चाकं काढूनच ठेवा,” मी म्हटलं. त्यावर हे दोन दिवस माझ्याशी फक्त सासूबाईंच्या मार्फत बोलले.

उन्हाळा मला नवा नव्हता. देशावरचं ऊन कोरडं असतं. ते अंगावर येतं आणि निघून जातं. अंधेरीचं ऊन मुक्कामाला येतं. सकाळी दारातून कोवळं ऊन येई तेव्हा सासूबाई हात जोडत. दुपार कलली की ते समोरच्या काचेतून शिरे. आधी स्टिअरिंग तापे, मग पितळी मुठी, मग शेगडीचा ओटा, आणि शेवटी ते सासूबाईंच्या उशीवर येऊन बसे ते बुडेपर्यंत. दाराचा कडीकोयंडा पदराने धरावा लागे. ओली चादर काचेवर लावली तर ती पापडासारखी वाळून खाली पडे. पडदे काढून ते बाहेरून काचेवर टाकू का, असं विचारलं, तर हे दचकले. “सरकारांची मखमल उन्हाने उडेल.” आमचाही रंग उडत होता. पण आमच्यावर जरीची किनार नव्हती.

पश्चिमेकडून फक्त ऊन येत नव्हतं. फिलूमावशी वर्सोव्याहून बोंबील आणून खळ्याच्या त्या कडेला दोऱ्यांवर वाळत घालत. वारा सुटला की ऊन आणि बोंबील हातात हात घालून आमच्या घरात येत. सासूबाई नाकाला पदर लावून, बॉनेटवर कुरडया घालत. कारण सांगायला हवं: तेवढं तापलेलं आणि तेवढं स्वच्छ दुसरं काही आसपास नव्हतं. बंदुकांच्या खाचांत लाटणं, झारा आणि उलथनं. सरकारांच्या मोटारीला बंदुकीच्या तेलाचा जुना वास होता, त्यावर हिंगाचा वास चढला, त्यावर बोंबलांचा. ती मिसळण मला आजही ओळखता येईल. कुणी ती अत्तर म्हणून विकत नाही, एवढंच बरं.

गावठाणात आमच्याविषयी निरनिराळी मतं होती. पोरांना पहिल्या दिवसापासून खात्री होती, की ही देवी टोचायची सरकारी गाडी आहे. हे पायरीवर दिसले की पोरं शेतांतून पार पसार. एकदा एक बाई कमरेवर पोर घेऊन भांडायलाच आली.

“आमच्या पोराला टोचलंय गेल्या साली. हा बग दंड!”

“बाई, मी डॉक्टर नाही.”

“तेच म्हन्ते. डाक्टर नाय आन् टोचायला निगाला!”

एका संध्याकाळी पाचपंचवीस माणसं चटया घेऊन मोटारीमागे येऊन बसली. बायोस्कोप कधी लागणार, म्हणून. ह्यांनी दारात उभं राहून त्यांना ‘वनविहार’चा इतिहास सांगितला, संस्थानाची स्थापना, सरकारांचा पहिला वाघ, इंग्रज रेसिडेंटने मोटारीबद्दल काढलेले उद्गार. लोकांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, “पडदा तरी लावा!”

हे सगळं आज सांगताना हसू येतं. त्या वेळी येत नव्हतं. कारण सासूबाई वाळत चालल्या होत्या.

सत्तरी जवळ आलेली बाई. दिवसभर त्या पत्र्याच्या पेटीत बसून असत. बाहेर पडवीत या, असं फिलूमावशी रोज बोलवत; त्यांचं घर कौलारू, भुई शेणाने सारवलेली, पडवीत माठ. सासूबाई जात नसत. ख्रिस्त्याच्या घरी बसायचं म्हणजे आल्यावर आंघोळ, आणि आंघोळीला पाणी मी विहिरीवरून आणायचं, म्हणून त्या माझ्यावर दया करत. विहीर फिलूमावशींचीच होती. पण पाणी मी आपल्या दोराने, आपल्या कळशीने काढत असल्यामुळे ते आपलं होत असे. वैशाख सरता सरता त्यांचं जेवण भाताच्या पेजेवर आलं, मग पेजही नको झाली. घामोळ्यांनी पाठ लाल. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडून त्या माझ्याकडे बघत, जणू उरलेलं माझ्याकडे असावं. ही बाई या घरात पाऊसपाण्यापर्यंत टिकत नाही, अशी धास्ती मी घेतली होती, आणि ती बोलून दाखवायला माझ्याजवळ माणूस नव्हतं.

ह्यांना सांगितलं. “अहो, नुसती वळवून ठेवा. तोंड पूर्वेला करा, दार पश्चिमेला. काच तरी उन्हातून सुटेल.”

“आणि प्रतिमा?”

“प्रतिमा आहे तिथे राहील. तिला कुठे ऊन लागतंय?”

“हा थट्टेचा विषय नाही, सुमन.”

नव्हताच. मी सासूबाईंकडे वळले. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून म्हणाल्या, “झालेली वास्तुशांत मोडू नये गं. विनायकाच्या संसाराला ते बरं नाही.” ह्यांना आईसाठी घर हलवायचं नव्हतं आणि आईला ह्यांच्यासाठी. दोघंही एकमेकांच्या कल्याणासाठी भाजून निघत होते. मध्ये मी होते, आणि माझं कल्याण कुणी हिशेबात धरलेलं नव्हतं, म्हणून असेल, माझं डोकं तेवढं ठिकाणावर होतं.

एका दुपारी हे कारखान्यात असताना मी विहिरीवरून आले तर सासूबाई दाराच्या आत कलंडलेल्या. हातात जपमाळ, अंग चटका बसेल असं तापलेलं, आणि घाम अजिबात नाही. मी कळशी तिथेच सोडली आणि ओरडले. फिलूमावशी धावत आल्या. त्यांनी खांद्याकडून धरलं, मी पायांकडून, आणि आम्ही त्यांना खळं ओलांडून पडवीत नेलं. मावशींनी त्यांच्या अंगावर ओलं धडपं टाकलं, तळपायाला पाण्याचे हात लावले, कांदा फोडून नाकाशी धरला. त्या सबंध वेळात त्या सासूबाईंना शिव्या घालत होत्या.

“सावली सोडून उनात बसती! कोंबडीला कळतंय ते हिला कळत नाय. उठ गो आये, उठ. माझ्या दारात मरायचं नाय.”

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी डोळे उघडले. समोर भिंतीवर क्रूस, त्याखाली तेलाचा दिवा. त्यांनी तो नीट पाहिला.

“हे कुणाचं घर?”

“माजं. पानी पी.”

सासूबाई प्यायल्या. पेला रिकामा झाला, तो त्यांनी पुढे केला, दुसरा प्यायल्या, आणि मग तोंड पुसून विचारलं, “कुठल्या विहिरीचं?”

“तीच एक हाय. तुजी सून रोज नेते ती.”

सासूबाईंनी पाय जरा लांब केले.

फिलूमावशींनी मला बाजूला ओढलं. “आज वाचली. उद्या परत तितंच बसंल आन् परत पडंल. मोटार हलव.”

“हे येऊ देत संध्याकाळी.”

“त्यो संध्याकाळी येईल. सूर्य दुपारचा येतो.”

मी पदर खोचला. बस्त्यावकाका शेतातून बैल घेऊन आले, शेजारच्यांची आणखी एक जोडी आणली. इंजिन चालू होण्यातलं नव्हतं. रविवारी ह्यांनी ते साफ करायला उघडलं होतं, आणि त्याचे अवयव एका घमेल्यात रॉकेलमध्ये पडले होते. मी चाकांखालचे दगड लाथेने उडवले. मग सरकारांच्या ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसले. इतकी वर्षं जेवताना मोटारीची व्याख्यानं ऐकली होती, त्यांतलं एवढं लक्षात होतं, की गिअरचा दांडा मध्ये आणायचा आणि हाताचा ब्रेक सोडायचा. पाय पोचत नव्हते. त्यांचं काम नव्हतंच.

“सुमनबाय, चाक चिंचेकडं धर!” काका ओरडले. चार बैल पुढे, मागून गावठाणातले दहाबारा जण सिंहांना खांदे लावून. “हां... बोला...” ‘वनविहार’ कुरकुरली, आतलं निकेलचं बेसिन आपोआप उघडलं, झारा खाचेतून खाली आला, आणि आमचं घर निघालं. बॉनेटवरच्या कुरडया एकेक करून गळत होत्या. कडेला बाया-पोरं उभी. सरकार या मोटारीतून जात तेव्हा रस्त्याला माणसं उभी करावी लागत, असं मी ऐकलं होतं. इथे ती आपण होऊन आली होती. मला दोन्ही हातांनी चाक पेलत नव्हतं, डोळ्यांत घाम जात होता, आणि तरी एक गोष्ट स्वच्छ आठवते: चिंचेची सावली काचेवर सरकत आली, मग माझ्या हातांवर, मग मांडीवर. त्याआधीही मी सावलीत बसले असेन. आठवत नाही.

बैल पुढे ओढतात. मागे ढकलून, होकायंत्र लावून उभं करायचं शिक्षण त्यांना नाही. मोटार जशी आली तशी चिंचेखाली थांबली; तोंड उत्तरेला.

दिवस मावळायला आला तेव्हा हे सायकलवरून आले. खळ्याच्या मध्यावर, जिथे सकाळी घर होतं तिथे, उतरून उभे राहिले. मग त्यांनी पडवीकडे पाहिलं. त्यांची आई फिलूमावशींच्या चटईवर बसून कैरीचं पन्हं पीत होती.

“आई, तू इथे?”

“पडले होते रे दुपारी. हिने आणि सुमनने उचलून आणलं.”

ह्यांचा चेहरा उतरला. ते खाली बसले, आईचा हात हातात घेतला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांची नजर चिंचेकडे गेली. तोपर्यंत फिलूमावशींनी सासूबाईंना हात देऊन उठवलं होतं, आणि सासूबाई कुणालाही न विचारता, हळूहळू, चिंचेच्या दिशेने निघाल्या होत्या. पायरी चढून आत गेल्या. “जरा टेकते,” एवढं म्हणाल्या.

हे मोटारीभोवती फिरले. होकायंत्र काढलं, पाहिलं, खिशात ठेवलं.

“दार दक्षिणेला आलंय,” ते म्हणाले.

“बैलांनी आणलं,” मी म्हटलं.

“दक्षिण ही यमाची दिशा आहे, सुमन. हा घराण्याचा प्रश्न आहे. राजवाड्याचंसुद्धा दार त्या दिशेला ठेवत नाहीत, माहीत आहे? उद्या भटजींना आणतो. प्रायश्चित्त घ्यावं लागेल, प्रतिमा उकरून पुन्हा सगळं यथाविधी करावं लागेल, आणि तोवर या दारातून कुणी आतबाहेर करता कामा नये.” ते खिडकीशी गेले. “आई, तुझा शब्द अखेरचा. यमाच्या दिशेला दार असलेल्या घरात तू राहशील का?”

आतून उत्तर आलं नाही.

“आई?”

बस्त्यावकाका बैलांना वैरण टाकताना थांबले. फिलूमावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी कधी पायरी चढले मला कळलं नाही. पडदा बाजूला केला.

सासूबाई घोरत होत्या.